दूध संघाच्या डेटा डिक्शनरीत व्हेरियंट बदलताना : प्रकल्प नोंदी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुका दूध संघाचं बिलिंग मी गेली नऊ वर्षं सांभाळतो. सगळं कोबोल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत आहे. मूळ प्रोग्राम एससीओ युनिक्सवर लिहिलेले, आता लिनक्सवर जीएनयू कोबोलनं चालतात. दर दहा दिवसांनी शेतकऱ्याचं बिल निघतं, आणि ते एक दिवस उशिरा निघालं तरी गावागावांतून फोन येतात. त्यामुळे चालू यंत्रणेला हात न लावता सगळं बाजूच्या मशीनवर करायचं, हे आधीच ठरलं होतं. या नोंदी त्या दोन महिन्यांच्या आहेत. कुणाला जुन्या फाइलींमध्ये असाच बदल करायचा असेल, तर माझे गेलेले दिवस तरी वाचावेत.

५ ऑगस्ट २०२४, सोमवार

लेखापाल आप्पांनी दोन कामं सांगितली. पहिलं, गायीच्या दुधाला शासनाचं लिटरमागं ५ रुपये अनुदान १ जुलैपासून पुन्हा सुरू झालंय. पैसे थेट शेतकऱ्याच्या बँक खात्यात जातात, पण माहिती संघानं द्यायची : सभासद, लिटर, फॅट, गायीच्या कानातला बाराअंकी टॅग. सध्या ही माहिती एक्सेलमध्ये हातानं भरतात आणि दोन मुली त्यातच अडकून पडल्यात. दुसरं, दिवाळीच्या दर फरकासाठी, म्हणजे आधीच घातलेल्या दुधावर दिवाळीला मिळणाऱ्या जादा पैशांसाठी, प्रत्येक दूध नोंदीवर फरकाचा दर ठेवायचा.

आमची व्यवहार नोंद ६४ बाइटची आहे. पहिले २४ बाइट सगळ्यांना सामाईक : संस्था क्रमांक ४, सभासद क्रमांक ५, तारीख ८, पाळी १, प्रकार कोड १, अनुक्रमांक ५. पंचवीसाव्या बाइटपासून ३६ बाइटचा व्हेरियंट भाग, आणि शेवटी ४ बाइट मोकळे. प्रकार कोड 'डी' असेल तर त्या ३६ बाइटमध्ये दूध, 'के' असेल तर कपात, 'पी' असेल तर उधारीवर नेलेलं पशुखाद्य. जागा एकच, अर्थ तीन. कोबोलमध्ये हे रीडिफाइन्सनं होतं : आधी ३६ अक्षरांचा साधा भाग, मग त्याच भागावर तिन्ही व्याख्या.

डिक्शनरी म्हणजे एक मजकूर फाइल. नोंद, व्हेरियंट, क्षेत्र, लांबी, स्वरूप अशा ओळी, आणि त्यातून कॉपीबुक, म्हणजे प्रोग्राम वापरतात ती नोंदीची सामाईक मांडणी, तयार करणारी एक छोटी स्क्रिप्ट. ती मीच २०१९ साली लिहिली. तिच्यात काय राहून गेलं होतं ते पुढच्याच आठवड्यात कळलं.

आजचा वेळ : तीन तास, सगळा बोलण्यात.

६ ऑगस्ट

ग्रेप मारून, म्हणजे सगळ्या प्रोग्रामांत नाव शोधून, पाहिलं. हे कॉपीबुक ४१ प्रोग्राम वापरतात, पण व्हेरियंटच्या आतल्या क्षेत्रांना हात लावणारे फक्त ९. सॉर्टच्या किल्ल्या सगळ्या पहिल्या २४ बाइटमध्ये आहेत, म्हणजे त्यांना धक्का नाही.

बॅकअपसाठी बाहेरची डिस्क घेतली, ४,८०० रुपये. एप्रिलपासूनच्या सगळ्या दहा दिवसांच्या फाइली तिच्यावर.

८ ऑगस्ट

'ए' नावाचा नवा व्हेरियंट डिक्शनरीत घातला. सभासदामागं दहा दिवसांची एक नोंद. टॅग १२, लिटर ५, दर पॅक्ड ३, रक्कम पॅक्ड ५, आयएफएससी ११. (पॅक्ड म्हणजे एका बाइटात दोन अंक, आणि शेवटच्या अर्ध्या बाइटात चिन्ह.) बेरीज ३६. नेमकी बसली म्हणून बरं वाटलं.

संध्याकाळी आप्पा म्हणाले, "सरासरी फॅट पण त्याच ओळीत दिसू दे की. तपासायला बरं पडतं."

फॅटचे ३ बाइट घातले, स्क्रिप्ट चालवली, कंपाइल केलं. कंपाइल झालं. एक नोंद लिहून वाचून पाहिली, बरोबर आली. सात वाजता घरी गेलो.

१२ ऑगस्ट

१ ते १० ऑगस्टच्या फाइलीची प्रत घेऊन बाजूच्या मशीनवर चाचणी बिल काढलं. पहिला शेतकरी बरोबर, आणि पुढं सगळा गोंधळ. संस्था २००३, सभासद १७२०२. आमच्याकडे संस्था क्रमांक चारशेच्या वर जातच नाहीत.

आधी वाटलं डिस्कवरून प्रत घेताना फाइल बिघडली. पुन्हा प्रत घेतली, पुन्हा तेच. दुपार त्यातच गेली. शेवटी हेक्सडंप, म्हणजे फाइलीतल्या बाइटांची कच्ची छपाई, काढून दुसरी नोंद बोटानं मोजत गेलो. फाइलीत होतं ००४२ आणि ००३१७, म्हणजे बेचाळीस नंबरच्या संस्थेचा तीनशे सतरावा सभासद, आणि पुढं तारीख २०२४०८०१. प्रोग्राम तिथं तीन बाइट पुढून वाचत होता. संस्थेचा शेवटचा २ आणि सभासदाचे ००३ मिळून २००३. उरलेले १७ आणि तारखेचे २०२ मिळून १७२०२.

कारण उघड होतं. 'ए' व्हेरियंट ३९ बाइटचा झाला होता. रीडिफाइन्स करणारा भाग मूळ भागापेक्षा मोठा झाला की जीएनयू कोबोल सेटिंगप्रमाणे एकतर अडवतो किंवा इशारा देऊन पुढं जातो आणि आख्खा गट तेवढा वाढवतो. लार्जर-रीडिफाइन्स नावाचा पर्याय आहे त्यासाठी. आमच्याकडे तो चालू होता, आणि इशारे मी बिल्डच्या लॉग फाइलीत वळवून ठेवले होते. लॉगमध्ये तो इशारा ८ तारखेपासून पडून होता.

नोंद ६४ ची ६७ झाली. फाइल साधी अनुक्रमी, ठरावीक लांबीची. तिच्या सुरुवातीला लांबी सांगणारं काहीही नसतं, त्यामुळे उघडताना कुणी अडवत नाही. पहिली नोंद बरोबर, दुसरी तीन बाइट सरकलेली, तिसरी सहा. ८ तारखेला मी एकच नोंद लिहून वाचली, तेव्हा चूक दिसणं शक्यच नव्हतं.

मग आकडे जुळवून पाहिले. फाइल १,३७,३४,४०० बाइटची. ६४ नं भागलं तर २,१४,६०० नोंदी, बाकी शून्य. ६७ नं भागलं तर २,०४,९९१ नोंदी आणि वर ३ बाइट. प्रोग्रामनं छापलेली नोंदसंख्या मी सकाळी पाहिली असती तर दहा मिनिटांत कळलं असतं. त्या दिवसापासून प्रत्येक चाचणीचं पहिलं काम हेच : फाइलीची लांबी भागिले नोंदीची लांबी, बाकी शून्य आली पाहिजे.

गेलेला वेळ : एक पूर्ण दिवस.

१३ आणि १४ ऑगस्ट

दोन मार्ग होते. नोंद ६७ किंवा सरळ ८० ची करायची आणि सगळ्या जुन्या फाइली बदलायच्या, नाहीतर 'ए' ला ३६ मध्ये बसवायचं. शेवटच्या ४ मोकळ्या बाइटांतले ३ घेता आले असते, पण मग त्या बाइटांवरही व्हेरियंटचा हक्क झाला असता. ते मला नको होतं.

विचार करता करता लक्षात आलं की आयएफएससी इथं असायलाच नको. तो सभासदाच्या खात्याचा गुण आहे, दहा दिवसांच्या दुधाचा नाही. एका सभासदानं बँक बदलली तर जुन्या नोंदींवर जुना कोड राहणार आणि नंतर कुणीतरी तो खरा धरणार. तो सभासद मास्टरमध्ये गेला. 'ए' आता २८ बाइट आणि ८ मोकळे.

स्क्रिप्टमध्ये तीन तपासण्या घातल्या. प्रत्येक व्हेरियंटची बेरीज मोकळ्या जागेसकट नेमकी ३६, कमी नाही जास्त नाही. प्रकार कोड दोनदा येता कामा नये. आणि प्रत्येक रीडिफाइन्स मूळ भागाच्याच नावानं, आधीच्या व्हेरियंटच्या नावानं नाही. यातलं काही चुकलं तर कॉपीबुक तयारच होत नाही. पॅक्ड क्षेत्राचे बाइट स्क्रिप्टच मोजते : अंक अधिक एक, भागिले दोन, अपूर्णांक आला तर वर. नऊ अंकांची रक्कम ५ बाइट, पाच अंकांचा दर ३. हातानं मोजणं बंद.

लार्जर-रीडिफाइन्सही बंद केलं. आता कंपायलर अडवतो.

१६ ऑगस्ट

बारा सभासदांच्या 'ए' नोंदी हातानं तयार करून फाइलीत घातल्या आणि बिल काढलं. एका सभासदाच्या बिलात पशुखाद्याची कपात आली ३७,३०,३१३.२३ रुपये.

हा आकडा कुठून आला ते शोधायला मजा आली नाही, पण समजलं तेव्हा व्हेरियंट म्हणजे काय ते पुन्हा एकदा डोळ्यांनी दिसलं. बिलाचा प्रोग्राम असा होता : 'डी' असेल तर दूध, नाहीतर 'के' असेल तर कपात, नाहीतर पशुखाद्य. म्हणजे ज्याला ओळखत नाही ते सगळं पशुखाद्य. जेव्हा तीनच प्रकार होते तेव्हा ते बरोबर होतं. माझी 'ए' नोंद त्या शेवटच्या 'नाहीतर' मध्ये जाऊन पडली.

पशुखाद्याच्या व्हेरियंटमध्ये रक्कम बाराव्या ते सोळाव्या बाइटवर, पॅक्ड. माझ्या 'ए' मध्ये त्याच जागी टॅगचा शेवटचा अंक ७ आणि लिटरचे पहिले चार अंक ०१२५, कारण दूध होतं १२५.० लिटर. हे अक्षरी अंक आहेत, म्हणजे हेक्समध्ये ३७ ३० ३१ ३२ ३५. पॅक्ड म्हणून वाचलं की पहिले नऊ अर्धबाइट हे अंक आणि शेवटचं चिन्ह. ३७३०३१३२३, आणि चिन्हाच्या जागी ५. दोन दशांश सोडून सदतीस लाख तीस हजार तीनशे तेरा रुपये तेवीस पैसे.

आकडा एवढा मोठा होता म्हणून सापडला. तेच बाइट वेगळे पडून साडेतीनशे रुपयांची कपात दाखवली असती, तर ती बिलात निघून गेली असती आणि शेतकऱ्यानं मुकाट्यानं सोसली असती. आमच्याकडे बरेच सभासद बिलाचा फक्त शेवटचा आकडा बघतात. म्हणून हे सगळं मला मनाला लागलं.

२० ऑगस्ट

नारळी पौर्णिमेची सुट्टी धरून चार दिवस गेले. नऊही प्रोग्राम इव्हॅल्युएट या कोबोलच्या निवडीच्या आज्ञेवर आणले. प्रत्येक प्रकाराला स्वतःची व्हेन, आणि व्हेन अदर मध्ये, म्हणजे दुसरं काहीही आलं तर, काम थांबवून नोंद क्रमांकासकट चूक छापायची. नऊपैकी पाच प्रोग्रामांत असाच न सांगितलेला 'नाहीतर' होता. एक तर वार्षिक उताऱ्यात होता, तो मार्चमध्येच कळला असता.

शिवाय तीन प्रोग्राम असे निघाले की जे कॉपीबुक वापरतच नाहीत. त्यांनी मांडणी हातानं लिहून ठेवली होती, म्हणून ६ तारखेच्या ग्रेपमध्ये आले नव्हते. या वेळी फाइलीच्या नावानं शोधलं तेव्हा सापडले. दोन बदलले. तिसरा चिलिंग सेंटरच्या ताळ्याचा, वर्षातून एकदा चालतो, तो "नंतर बघू" म्हणून ठेवला. हे करायला नको होतं.

२७ ऑगस्ट

आप्पांना 'ए' नोंदींची छापील यादी दाखवली. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "याच्या चार गायी हायत. चारीचं दूध एकाच किटलीत येतंय. तुम्ही टॅग कुठला घालणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या घरी गाय नाही, आणि एक सभासद एक गाय असं मी नकळत धरून चाललो होतो. नोंद टॅगमागं केली तर लिटर कसे वाटायचे? समान वाटले तर आटलेल्या गायीलाही दूध दाखवलं जाणार, आणि ते खोटं होईल.

आप्पांबरोबर दोन संस्थांत जाऊन आलो, एसटीनं. सचिवांशी बोललो. टॅगची नोंद प्रत्येक संस्थेत वेगळ्या वहीत असते, गाय विकली, मेली, नवी आली की ती वही बदलते. दुधाच्या नोंदीशी तिचा रोजचा संबंध नाही.

२ सप्टेंबर

टॅगची वेगळी फाइल केली : संस्था, सभासद, टॅग, पासून तारीख, पर्यंत तारीख. 'ए' मधून टॅग काढून त्या दहा दिवसांतली टॅगची संख्या, २ अंक. 'ए' ची ही तिसरी व्याख्या : टॅग संख्या २, लिटर ५, फॅट ३, दर ३, रक्कम ५, मोकळे १८. पहिल्या व्याख्येत ३६ बाइट पुरत नव्हते आणि आता अर्धी जागा रिकामी आहे.

नशीब एवढं की 'ए' च्या खऱ्या नोंदी अजून चालू फाइलीत गेल्याच नव्हत्या. एकदा डिस्कवर गेल्या असत्या तर तीन व्याख्यांच्या नोंदी एकाच प्रकार कोडखाली पडल्या असत्या आणि कुठली कुठल्या व्याख्येची ते सांगता आलं नसतं. म्हणून डिक्शनरीत आता नियम लिहिलाय : व्हेरियंटच्या जुन्या क्षेत्राचा अर्थ किंवा जागा बदलायची असेल तर प्रकार कोड नवा घ्यायचा. मोकळ्या जागेत भर घालायची असेल तरच जुना कोड चालेल.

पुढचे दोन आठवडे गणपती. ७ तारखेला चतुर्थी, मग गौरी, १७ ला विसर्जन. कामाला हात लागला नाही.

१८ सप्टेंबर

दुसरं काम, फरक दर. वाटलं हे सोपं. दूध व्हेरियंटमध्ये जनावर १, लिटर ५, फॅट ३, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) ३, दर ३, रक्कम ५ असे २० बाइट आणि पुढं १६ मोकळे. एकविसाव्या बाइटपासून तीन बाइटचा पॅक्ड दर घातला. बेरीज ३६, स्क्रिप्ट खूश, कंपायलर खूश.

जुन्या फाइलीवर चाचणी : १,२४० लिटर घातलेल्या सभासदाला फरक २,५०,५०४.८० रुपये. लिटरला २०२ रुपये २ पैसे.

या वेळी कुठं बघायचं ते माहीत होतं. जुन्या नोंदीत त्या जागी स्पेस आहेत, हेक्स २० २० २०. पॅक्ड म्हणून वाचलं की २, ०, २, ०, २ आणि चिन्हाच्या जागी ०. म्हणजे २०२.०२.

पण नवीन लिहिलेल्या नोंदीतही काही ठिकाणी तेच येत होतं, आणि ते कोडं दोन तास सुटलं नाही. नोंद लिहिण्याआधी आम्ही आख्ख्या नोंदीवर इनिशियलाइझ करतो. मला वाटायचं त्यानं सगळी अंकी क्षेत्रं शून्य होतात. होत नाहीत. इनिशियलाइझ रीडिफाइन्स केलेल्या भागांना सोडून देतं. ते फक्त मूळ ३६ अक्षरांचा भाग बघतं, आणि तो अक्षरी असल्यानं त्यात स्पेस भरतं. दूध व्हेरियंटमधल्या पॅक्ड क्षेत्रांत स्पेसच राहतात. इतकी वर्षं हे चाललं कारण प्रत्येक प्रोग्राम दर आणि रक्कम स्वतः भरतच होता.

आता प्रकार कोड भरल्यावर त्या व्हेरियंटची सगळी अंकी क्षेत्रं नावानं शून्य करणारा परिच्छेद स्क्रिप्टच तयार करते. वाचताना पॅक्ड क्षेत्रावर आधी न्यूमेरिक तपासणी, मगच गुणाकार.

२० सप्टेंबर

जुन्या फाइलींत त्या तीन बाइटांत स्पेस सोडून दुसरं काही आहे का, ते बघायला छोटा प्रोग्राम लिहिला. अपेक्षा शून्याची होती. सहा संस्थांच्या नोंदींत अंक निघाले. ०१८७, ०१९०, ०१८७. चार बाइट, एकविसावा ते चोविसावा. डिक्शनरीत ती जागा मोकळी लिहिलेली.

मूळ प्रोग्राम लिहिणाऱ्या काकांना फोन केला. ते आता निवृत्त आहेत, शेती बघतात.

"काका, दूध प्रकारात एकविसाव्या बाइटपासून काही ठेवलंय का तुम्ही?"

"अरे, ते कॅन नंबर. लांबच्या संस्थांचे कॅन चिलिंग सेंटरवर अदलाबदल व्हायचे, कुणाचं दूध नासलं तेच कळायचं नाही. म्हणून मोकळ्या जागेत घातले. वहीत लिहिलं होतं मी. वही आहे ना तिथं?"

वही नाही. संघाचं कार्यालय बदललं तेव्हा गेली असावी. आणि ते कॅन क्रमांक वाचणारा प्रोग्राम कुठला, तर २० ऑगस्टला मी "नंतर बघू" म्हणून ठेवलेला चिलिंग सेंटरचा ताळा. तो हातानं लिहिलेला ऑफसेट वापरतो, ४५ ते ४८. सामाईक २४ आणि व्हेरियंटमधले २१ मिळवले की हेच बाइट.

मी फरक दर तिथं लिहिला असता तर सहा संस्थांचे कॅन क्रमांक पुसले गेले असते. पुढच्या उन्हाळ्यात दूध नासल्याची तक्रार आली असती तेव्हा कुणाकडे बोट दाखवायचं तेच कळलं नसतं, आणि कदाचित चुकीच्या संस्थेचं बिल कापलं गेलं असतं.

दुरुस्ती : कॅन क्रमांक डिक्शनरीत नावानं आला, ४ बाइट. फरक दर त्याच्यापुढं, पंचविसाव्या बाइटपासून ३. मोकळे ९. वीस अधिक चार अधिक तीन अधिक नऊ, ३६. चिलिंगचा प्रोग्राम कॉपीबुकवर आणला.

आणि ज्याला डिक्शनरी मोकळं म्हणते ते खरंच मोकळं आहे का, हे तपासणारा तो छोटा प्रोग्राम आता कायमचा ठेवलाय. प्रत्येक व्हेरियंटच्या प्रत्येक मोकळ्या बाइटवर, सगळ्या फाइलींवर. व्याख्या बदलण्याच्या आधी तो चालवायचा.

२३ सप्टेंबर, सोमवार

रूपांतर. एप्रिल ते २० सप्टेंबर, १७ फाइली, ३६,२१,४०० नोंदी, २३,१७,६९,६०० बाइट. काम एकच : 'डी' नोंदीत नवे तीन बाइट पॅक्ड शून्य करायचे, म्हणजे २० २० २० चे ०० ०० ०सी (सी हे अधिक चिन्ह). बाकी एकही बाइट बदलता कामा नये.

नोंदीची लांबी तीच, त्यामुळे फाइलीची लांबी जुळणं काहीच सिद्ध करत नाही. लिटरची आणि रकमेची बेरीज आधी आणि नंतर प्रकारवार जुळवली. त्याहून पक्की तपासणी सीएमपीनं केली : दोन्ही फाइलींत वेगळे असलेले बाइट मोजायचे. ती संख्या 'डी' नोंदींच्या तिप्पट आलीच पाहिजे. ऑगस्टच्या पहिल्या फाइलीत 'डी' नोंदी १,९७,३५०, वेगळे बाइट ५,९२,०५०. बरोबर.

सोळा फाइली अशाच जुळल्या. जूनच्या दुसऱ्या फाइलीत ८२० बाइट कमी पडले. तिथं ४१० नोंदी अशा निघाल्या की ज्यांत स्पेसऐवजी हेक्स शून्यं होती. जूनमध्ये वीज जाऊन फाइल तुटली होती आणि त्या नोंदी मी दुरुस्तीच्या प्रोग्रामनं परत घातल्या होत्या. त्यानं मोकळी जागा लो-व्हॅल्यूजनं भरली. ०० ०० ०० चं ०० ०० ०सी होताना एकच बाइट बदलतो, म्हणून नोंदीमागं दोन कमी. ४१० गुणिले २, ८२०. हिशोब लागला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. जुळत नसलेला आकडा तसाच ठेवून झोपायचं नाही, असं ठरवूनच बसलो होतो.

१ ऑक्टोबर

आजपासून अनुदान ५ चं ७ रुपये. डिक्शनरीत काहीही बदलावं लागलं नाही, कारण दर नोंदीतच आहे. दर प्रोग्राममध्ये लिहावा, नोंदीचे ३ बाइट वाचतील, असा एक विचार ऑगस्टमध्ये माझ्या मनात येऊन गेला होता. तसं केलं असतं तर सप्टेंबरच्या याद्या पुन्हा काढताना त्याही ७ रुपयांनी निघाल्या असत्या.

११ ऑक्टोबर

१ ते १० ऑक्टोबरचं बिल नव्या व्याख्येवर निघालं. आधी जुन्या मशीनवरही काढलं आणि दोन्ही छापील फाइली ताडून पाहिल्या. फरक फक्त 'ए' नोंदींच्या यादीचा, जी जुन्यात नव्हतीच. आता एक्सेल बंद. त्या दोन मुलींपैकी एक टॅगच्या फाइलीचं काम बघते, संस्थांच्या वह्या तिच्याकडेच येतात.

वेळेचा हिशोब : प्रत्यक्ष कामाचे २३ दिवस. मी आप्पांना सुरुवातीला ८ सांगितले होते. संघानं ठरल्याप्रमाणे ८ दिवसांचे पैसे दिले, उरलेले मी मागितले नाहीत, कारण त्यातले निम्मे माझ्याच न मोजलेल्या तीन बाइटांचे आणि न तपासलेल्या मोकळ्या जागेचे होते.

१४ ऑक्टोबर

डिक्शनरी छापून बांधून घेतली, ३४ पानं, बाइंडिंगसकट २१० रुपये. एक प्रत आप्पांच्या कपाटात, एक माझ्याकडे. तिसरी दाखवायला काकांना बोलावलं होतं. ते सकाळच्या दुधाच्या गाडीनंच आले. खुर्चीत बसून पहिल्या पानापासून वाचत गेले, कॅन क्रमांकाच्या ओळीवर थोडं थांबले, मान हलवली. मग कपातीच्या पानावर खिशातल्या पेन्सिलनं एक खूण केली आणि पान माझ्याकडे सरकवलं.

"हे खातं ९०९ बघ. याची शिल्लक उलट्या चिन्हानं येते. मीच तशी ठेवली होती, संस्थेकडूनच येणं असायचं म्हणून. हे लिहिलेलं नाही तू."

ग्रेप मारला. ९०९ ला वेगळं वागवणारे दोन प्रोग्राम आहेत. उद्या त्यांच्यावर बसायचंय.